आपल्या हाती काय आहे? दीर्घ व्याधी, नियंत्रणाची जाणीव आणि धम्मविचार

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील कोणत्याही वाडीत मधुमेहाचा रुग्ण भेटला की त्याला एक प्रश्न हटकून विचारला जातो : "शुगर कंट्रोलमध्ये आहे ना?" हा शब्द आता मराठीच झाला आहे, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. परंतु त्या प्रश्नाच्या पोटात दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. रक्तातील साखर आटोक्यात आहे काय, हा पहिला. त्याचे उत्तर प्रयोगशाळा देते. आपल्या व्याधीसंबंधी काही करणे आपल्या हाती आहे, असे त्या रुग्णास वाटते काय, हा दुसरा. त्याचे उत्तर कोणत्याही तपासणीच्या कागदावर छापून येत नाही. आरोग्य-मानसशास्त्र नावाची जी ज्ञानशाखा गेल्या अर्धशतकात उभी राहिली, तिने या दुसऱ्या प्रश्नाला 'नियंत्रणाची जाणीव' असे नाव देऊन त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. प्रस्तुत लेखात त्या अभ्यासाचा परिचय करून द्यावयाचा आहे आणि तथागतांच्या शिकवणुकीशी त्याचे नाते कोठे जुळते व कोठे जुळत नाही, हेही पाहावयाचे आहे. विषय केवळ पांडित्याचा नाही. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, दमा या व्याधी बऱ्या होत नाहीत, त्या सांभाळाव्या लागतात. जो आजार आयुष्यभर सोबत राहणार, त्याच्याशी माणूस कोणत्या समजुतीने वागतो यावर त्याचे पुढील दिवस पुष्कळसे अवलंबून असतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये असा विचार मांडला की, आपल्या आयुष्यात जे घडते त्याचे सूत्र कोणाच्या हाती आहे याविषयी प्रत्येक माणसाची एक ठरावीक धारणा असते. कोणास ते सूत्र स्वतःच्या हाती वाटते, कोणास बाहेरच्या हाती. केनेथ व बार्बरा वॉल्स्टन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७८ मध्ये हाच विचार आरोग्याच्या क्षेत्रात आणला आणि 'बाहेरचे' म्हणजे नेमके काय, याची फोड केली. आरोग्य माझ्या वागण्यावर अवलंबून आहे, ही एक धारणा. ते नशिबावर किंवा योगायोगावर अवलंबून आहे, ही दुसरी. डॉक्टर, कुटुंबीय अशा समर्थ व्यक्तींवर ते अवलंबून आहे, ही तिसरी. १९९४ मध्ये विशिष्ट आजारांच्या रुग्णांसाठी त्यांनी जी प्रश्नावली केली, तीत डॉक्टर आणि इतर माणसे यांनाही एकमेकांपासून वेगळे काढले. ते योग्यच झाले. मुंबईहून औषधाचे पैसे पाठविणाऱ्या मुलावरचा विश्वास आणि डॉक्टरावरचा विश्वास या एक गोष्टी नव्हेत.

नियंत्रण प्रत्यक्ष वापरलेच पाहिजे असे नाही, ते आपल्यापाशी आहे ही जाणीवही काम करते, हे डेव्हिड ग्लास व जेरोम सिंगर यांच्या १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. कर्कश गोंगाटात काम करणाऱ्या काही जणांना गोंगाट थांबविण्याची कळ देण्यात आली होती. बहुतेकांनी ती दाबली नाही. तरीही ज्यांना कळ नव्हती त्यांच्यापेक्षा पुढच्या कामात त्यांची कामगिरी चांगली झाली.

याहून अधिक गाजला तो एलेन लँगर व ज्युडिथ रॉडिन यांचा १९७६ चा अभ्यास. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की, तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ, तुमच्या तक्रारी ही तुमची जबाबदारी आहे. त्यांना एक रोपटे निवडावयास दिले व त्याची निगा त्यांनीच राखावयाची होती. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांनाही रोपटे मिळाले, पण त्याला पाणी घालणार परिचारिका. तुमची काळजी घेणे हे आमचे काम, असे त्यांना प्रेमाने सांगण्यात आले. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरील माणसे अधिक उत्साही व अधिक सावध दिसू लागली. दीड वर्षानंतर पाहता पहिल्या गटातील ४७ पैकी ७ आणि दुसऱ्या गटातील ४४ पैकी १३ व्यक्ती मृत्यू पावल्या होत्या. हे आकडे पुढे असंख्य पुस्तकांत व व्याख्यानांत आले. मात्र मृत्यूच्या आकड्यांतील फरक आधी सांगितला तितका निर्णायक नाही, अशी दुरुस्ती १९७८ मध्ये संबंधित नियतकालिकातच प्रसिद्ध झाली होती, ही गोष्ट ते आकडे सांगणारे क्वचितच सांगतात. मनाची उमेद वाढली हे निष्कर्ष टिकले. रोपट्याला पाणी घातल्याने आयुष्य दुप्पट होते, असा अर्थ काढणाऱ्यांनी मात्र शास्त्राच्या पुढे धाव घेतली.

दीर्घ व गंभीर आजाराच्या बाबतीत शेली टेलर यांचे कार्य पायाभूत मानले जाते. स्तनाच्या कर्करोगाने ग्रस्त अशा ७८ स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या आजारावर आपले काही नियंत्रण आहे असे मानणाऱ्या स्त्रिया अधिक सावरलेल्या होत्या. ते डॉक्टरांच्या उपचारांच्या हाती आहे असे मानणाऱ्याही सावरलेल्या होत्या. म्हणजे 'स्वतः' आणि 'दुसरा' असा येथे विरोध नव्हता. कोणाच्या तरी हाती, समजण्याजोग्या मार्गाने, काही आहे, ही भावना महत्त्वाची होती. संधिवाताच्या रुग्णांविषयी ग्लेन ॲफ्लेक, हॉवर्ड टेनेन आदींनी १९८७ मध्ये मांडलेली गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. रोजच्या वेदना-लक्षणांवर आपला अधिक ताबा आहे आणि आजाराच्या एकूण वाटचालीवर डॉक्टरांचा अधिक, असे रुग्णांचे म्हणणे होते. आणि आपल्या उपचारात आपला हात आहे असे ज्यांना वाटे, त्यांची मनःस्थिती अधिक चांगली होती. थोडक्यात, शहाणा रुग्ण सर्व काही आपल्या हाती आहे असे मानत नाही. तो आजाराचे भाग पाडतो.

आपल्या देशातही हा अभ्यास झाला. अलाहाबाद विद्यापीठातील अजित दलाल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८८ ते १९९३ या काळात अपघातात अपंगत्व आलेले, क्षयाचे व हृदयविकाराचे रुग्ण यांच्या धारणा तपासल्या. आजार का झाला, या प्रश्नाला ईश्वराची इच्छा आणि कर्म ही उत्तरे वारंवार मिळाली. परंतु बरे होण्यासाठी काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर ती माणसे स्वतःचा प्रयत्न आणि डॉक्टर यांत शोधीत होती. कारणाविषयीची धारणा आणि सुधारणेविषयीची धारणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या संशोधनाचा आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा धागा होय. पाश्चात्त्य प्रश्नावली 'कर्म' या शब्दाला सरळ नशिबाच्या रकान्यात टाकते. येथील माणूस एवढा सरळ नाही.

आता पालि साहित्याकडे वळू. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तथागतांनी तीन मतांचे परीक्षण केले आहे. मनुष्य जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वजन्मीच्या कृत्यांमुळे, हे पहिले मत. ते सर्व ईश्वरनिर्मित, हे दुसरे. ते सर्व अहेतुक, म्हणजे विनाकारण, हे तिसरे. वॉल्स्टन यांच्या प्रश्नावलीतील नशीब आणि समर्थ परसत्ता यांच्याशी हे साम्य ध्यानात येण्याजोगे आहे. तथागतांचा आक्षेप तिन्ही मतांवर एकच आहे. ही मते धरून बसणाऱ्याच्या ठायी इच्छा उरत नाही, प्रयत्न उरत नाही, 'हे करावे, हे करू नये' असा विवेकही उरत नाही. म्हणजे कोणती धारणा माणसाला निष्क्रिय करते, ही कसोटी तेथे स्पष्टपणे लावलेली आहे.

संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात मोलियसीवक नावाच्या परिव्राजकाशी झालेला संवाद तर थेट आजाराविषयीच आहे. सर्व वेदना पूर्वकर्मामुळे होतात, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याबद्दल आपले मत काय, असा त्याचा प्रश्न आहे. तथागत आठ कारणे मोजून दाखवितात : पित्त, कफ, वात, या तिन्हींचा सन्निपात, ऋतुपालट, विषम आहारविहार, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. पहिली कारणे माणसाला स्वतःला कळतात व लोकव्यवहारातही मान्य आहेत, मग सर्व काही कर्मावर ढकलणारे स्वानुभव आणि लोकानुभव या दोहोंच्या पलीकडे जातात, असे ते बजावतात. कर्मविपाक या यादीत आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तो आठांपैकी एक आहे आणि शेवटचा आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आणखी एक पाऊल पुढे टाकले. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त मानवी प्रयत्नास जागाच ठेवीत नाही आणि दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजावरून व शासनावरून काढून घेतो, म्हणून तो बुद्धाचा असू शकत नाही, अशी त्यांची भूमिका आहे. आमच्या मते आजाराच्या संदर्भात या भूमिकेचे मोल फार मोठे आहे. पायाची जखम चिघळलेल्या मधुमेही वृद्धेला 'भोग आहेत बाई' असे सांगणारा शेजारी तिचे सांत्वन करीत असेल, पण तिच्या जखमेचे मलमपट्टीवाचून आणखी आठ दिवस जातात.

येथे एक शंका उपस्थित होते आणि ती टाळून जाणे बरे नव्हे. पंचवर्गीय भिक्खूंना उपदेशिलेल्या अनत्तलक्खणसुत्ताचा युक्तिवादच असा आहे की, रूप आत्मा असते तर 'माझे शरीर असे व्हावे, असे होऊ नये' असे म्हणता आले असते. ज्याअर्थी शरीर व्याधिग्रस्त होते आणि आपली आज्ञा मानीत नाही, त्याअर्थी ते आत्मा नव्हे. मग नियंत्रणाची जाणीव ही बौद्धांच्या दृष्टीने भ्रमच नव्हे काय? स्वतः शेली टेलर यांनीही पुढे जोनाथन ब्राउन यांच्यासह १९८८ मध्ये असे म्हटले की, निरोगी मनाच्या माणसांतही नियंत्रणाची जाणीव बरीचशी भ्रामक, पण उपकारक असते. आमचे उत्तर असे की, सुत्त आज्ञा नाकारते, प्रयत्न नाकारीत नाही. शरीर हुकुमाने चालत नाही, ते कारणांनी चालते. जे कारणांनी चालते त्याची काही कारणे आपण बदलू शकतो. 'साखर उतरावी' अशी इच्छा निष्फळ आहे. औषध वेळेवर घेणे, भाताचे प्रमाण ठरविणे, रोज पायाचे तळवे पाहणे ही कारणे आहेत. प्रतीत्यसमुत्पाद जाणणाऱ्यास उपकारक भ्रमाची गरज पडू नये.

फ्रेड रॉथबाम, जॉन वाइझ व सॅम्युएल स्नायडर यांनी १९८२ मध्ये केलेला भेदही येथे उपयोगी पडतो. परिस्थिती आपल्यानुसार बदलणे हे प्राथमिक नियंत्रण. परिस्थिती बदलत नसेल तेथे आपले मन, अपेक्षा व अर्थ बदलणे हे दुय्यम नियंत्रण. भग्ग जनपदातील वृद्ध व नित्य आजारी उपासक नकुलपिता तथागतांकडे येतो, तेव्हा तथागत त्याच्या शरीराच्या जीर्णतेवर कोणतीही मखलाशी करीत नाहीत. हे शरीर आजारी आहेच, असे मान्य करून, देह आतुर असला तरी चित्त आतुर होऊ न देण्याचा अभ्यास करावा, असे ते सांगतात. त्याचा खुलासा सारिपुत्त करतात : रूप, वेदना आदी स्कंधांना 'मी' व 'माझे' म्हणून कवटाळणारा त्यांच्या पालटाबरोबर शोकात बुडतो. सल्लसुत्तातील दोन बाणांचा दृष्टान्त वाचकांच्या परिचयाचा आहे. पहिला बाण शरीराचा, दुसरा आपणच आपल्याला मारून घेतलेला. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घ वेदनेच्या रुग्णांसाठी स्मृतिसाधनेचा जो अभ्यासक्रम चालू केला, त्याचे बीज याच शिकवणुकीत आहे. मात्र दुसरा बाण काढण्याच्या नादात पहिला तसाच रुतू देणे हा धम्म नव्हे. साधना सुरू केल्यावर गोळ्या बंद करणारे उपासक-उपासिका अधूनमधून आढळतात. त्यांना कोणीतरी चुकीचे शिकविले आहे.

नियंत्रणाच्या जाणिवेचा उपदेश करण्यात दुसराही एक धोका आहे. 'तुमचे आरोग्य तुमच्या हाती' हे वाक्य ऐकावयास गोड, परंतु त्याची दुसरी बाजू 'आजारी पडलात तर दोष तुमचाच' अशी निघते. पोलादपूरच्या डोंगरातील एखाद्या वाडीतून रक्त तपासण्यासाठी खाली यावयाचे तर दिवस मोडतो, एस.टी. चुकली तर मुक्काम पडतो. आहाराचा कागद गव्हाची पोळी, कोशिंबीर व फळे सुचवितो, आणि चुलीपाशी तांदळाची भाकरी, भात व सुकी मासळी असते. घरातील कर्ती माणसे मुंबईस असतात. अशा ठिकाणी जाणीव वाढवावयाची तर प्रत्यक्ष सत्ताही थोडी वाढली पाहिजे. याचे उत्तम उदाहरण महाडचेच आहे, जरी ते दीर्घ व्याधीचे नाही. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावत. पुढे प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरात आणले आणि हे प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आले. लोकांनी मांत्रिक सोडून दवाखाना धरला तो व्याख्यानांमुळे नव्हे. दवाखान्यात गेलेला माणूस घरी परत येतो, हे त्यांनी पाहिले म्हणून धरला. नियंत्रणाची जाणीव अशा अनुभवातून जन्मते.

याच भूमीत ती सामुदायिक रीतीनेही जन्मली आहे. मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मेयर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांवरून 'शिकलेली असहायता' ही कल्पना मांडली. न टाळता येणारे धक्के सोसलेला प्राणी पुढे टाळता येणारे धक्केही निमूट सोसतो. अर्धशतकानंतर, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूविषयीच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपली कल्पना उलटविली. दीर्घ यातनेपुढे निष्क्रिय होणे ही प्राण्याची मूळ प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते 'आपल्याला काही करता येते' हे. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तरीही तीन वर्षे त्या पाण्याला अस्पृश्यांचा हात लागला नाही. कागदावर नियंत्रण होते, जाणीव नव्हती आणि जाणीव होऊ न देणारी दहशत होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. परततांना अनेकांना मार खावा लागला, आणि न्यायालयातील लढा १७ मार्च १९३७ पर्यंत चालला. तथापि त्या दिवशी ओंजळीने जे शिकविले ते ठरावाने शिकविले नव्हते.

त्या ओंजळीचे धनी स्वतः पुढे दीर्घ व्याधीचे रुग्ण झाले, याचा विचार आपण फारसा करीत नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या, अखेरच्या वर्षांत आधारावाचून चालणे कठीण झाले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला, त्या वैद्यक जाणणाऱ्या होत्या. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे लेखन त्यांनी १९५१ मध्ये हाती घेतले. १९५६ मध्ये लिहिलेल्या व त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या प्रस्तावनेत ते सांगतात की, मधल्या काळात प्रकृती इतकी ढासळली होती की डॉक्टरांना ज्योत विझते की काय असे वाटले, आणि ती पुन्हा उजळली याचे श्रेय त्यांनी आपल्या पत्नीस व डॉ. मालवणकरांना दिले आहे. आरोग्य-मानसशास्त्राच्या भाषेत पाहावे तर येथे आजाराचे भाग नेमके पाडलेले दिसतात. शरीराची वाटचाल वैद्यांच्या हाती सोपविली आणि ते ऋण मोकळेपणाने मानले. ग्रंथ आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा मात्र आपल्या हाती ठेवली.

रुग्णाच्या हाती काय असते याची सर्वांत व्यवहार्य यादी आम्हांस विनयपिटकाच्या महावग्गात आढळते. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आणि आनंदांनी स्वतः धुऊन, उचलून मंचकावर निजविले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्यानंतर शुश्रूषेस सुलभ अशा रुग्णाची पाच लक्षणे सांगितली आहेत. तो पथ्य पाळतो, पथ्यातील मात्रा जाणतो, औषध घेतो, आजार वाढला तर वाढला व उतरला तर उतरला असे शुश्रूषकास खरे सांगतो, आणि तीव्र वेदना सहन करतो. यांत 'बरा होतो' हे लक्षण नाही. पहिली चार म्हणजे प्राथमिक नियंत्रण, पाचवे म्हणजे दुय्यम. चौथ्या लक्षणावर आम्ही विशेष भर देऊ. गोळ्या संपून पंधरा दिवस झाले, हे डॉक्टरांपासून लपविणारे रुग्ण सर्वत्र आहेत. ते रागावतील या भयाने खरे दडते आणि मग औषधाची मात्रा चुकीच्या माहितीवर वाढविली जाते. म्हणूनच त्याच ठिकाणी शुश्रूषकाचीही पाच लक्षणे आहेत : औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य जाणणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची किळस न करणे आणि रुग्णास धम्मकथेने उभारी देणे. खरे बोलणारा रुग्ण हवा तर खरे ऐकून घेणारा शुश्रूषक लागतो.

विहारांना या बाबतीत करण्याजोगे पुष्कळ आहे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी तळिये येथे आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. अशा दिवसांत रस्ता तुटला की रोजच्या गोळीवर जगणाऱ्या माणसाच्या हातून औषध सुटते. कोकणातल्या घरात पावसाळ्यापूर्वी तांदूळ, मीठ, सुकी मासळी, सरपण यांची बेगमी होते. वैशाख पौर्णिमेस विहारात मंडळी जमतातच. त्या दिवशी प्रत्येक वस्तीतील नित्य औषध घेणाऱ्यांची यादी, त्यांच्या औषधांची नावे व मात्रा त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावी, आशा कार्यकर्तीच्या व डॉक्टरांच्या सल्ल्याने महिन्या-दीड महिन्याचे औषध बेगमीत धरावे आणि चिठ्ठीची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगावी. फ्रीज नसेल किंवा वीज जात असेल तेथे इन्सुलिनची बाटली मातीच्या मडक्याच्या गारव्यात कशी ठेवावी, हे डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. यादी मात्र रुग्णांपैकीच एखाद्याने सांभाळावी.